रबरी गांडुळाला मासा खरंच फसतो का? आळेफाट्याच्या आसपासच्या धरणांवर 'फिनेस फिशिंग' करण्याआधी हे वाचा

मोबाईलवर बोट सरकवता सरकवता असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. परदेशातलं निळंशार तळं, हातात छडीसारखा बारीक रॉड आणि दोरीच्या टोकाला करंगळीएवढं रबरी गांडूळ. ते पाण्यात पडतं, हळूच थरथरतं आणि पुढच्या क्षणी रॉड कमानीसारखा वाकतो. बाहेर येतो तो हिरवट रंगाचा, मोठ्या तोंडाचा दांडगा मासा. व्हिडिओ संपतो आणि रबरी गांडुळांचं पाकीट ऑनलाइन मागवलं जातं.

मग रविवार उजाडतो. आळेफाट्यावर वडापाव खाऊन मंडळी येडगाव, पिंपळगाव जोगा नाहीतर माणिकडोहच्या काठावर पोचतात. सकाळपासून दुपारपर्यंत गळ टाकून हात दुखतात, पण मासा काही लागत नाही. शेजारी बसलेले गावातले आजोबा मात्र कणकेच्या गोळीवर पाच-सहा चिलापी काढून घरी निघतात.

यात रबराचा दोष नाही आणि आजोबांकडे जादूही नाही. व्हिडिओतली पद्धत कुठल्या माशासाठी आणि कुठल्या पाण्यासाठी तयार झाली, आणि आपल्या धरणांत काय आहे, यातलं अंतर समजून घेतलं नाही की असं होतं. आज तेच समजून घेऊ. सोबत परवानगी, प्लास्टिकचा कचरा आणि बिबट्या या तीन गोष्टीही पाहू. व्हिडिओत त्या कुणी सांगत नाही.

'फिनेस' म्हणजे नेमकं काय?

फिनेस म्हणजे नजाकत. मासेमारीत या शब्दाचा अर्थ साधा आहे: सगळं बारीक, हलकं आणि सावकाश. नेहमीच्या ल्यूर फिशिंगमध्ये १०-२० ग्रॅमचं चकचकीत आमिष लांब फेकून जोरात ओढतात. समोर पळणारं भक्ष्य बघून मासा चिडावा किंवा त्याच्यावर झडप घालावी, ही त्यामागची कल्पना असते. फिनेसमध्ये वजन दीड ते साडेतीन ग्रॅम एवढंच. तीन ग्रॅम म्हणजे साधारण रुपयाच्या नव्या नाण्याइतकं. आमिष दोन ते तीन इंचांचं, दोरी बारीक आणि हाताची हालचाल जवळजवळ नाहीच.

ही पद्धत लोकप्रिय झाली ती अमेरिका आणि जपानमध्ये. तिथल्या तलावांवर गळ टाकणारे इतके वाढले की माशांनी मोठी, खडखडणारी आमिषं ओळखायला सुरुवात केली. पाणी नितळ, मासे सावध आणि स्पर्धा मोठी. मग आमिष लहान होत गेलं. 'ड्रॉप शॉट' नावाची जुळणी जपानमध्ये नावारूपाला आली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत पोचली. 'नेड रिग' ही दुसरी गाजलेली जुळणी अमेरिकेतल्या कॅन्ससचे लेखक नेड केहडी यांच्या नावाने ओळखली जाते.

रबरी गांडूळ त्याहूनही जुनं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी १९४९ च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक वितळवून पहिली मऊ गांडुळं ओतली. पुढे त्यांचा मोठा कारखाना झाला. आज बाजारात मिळणारी हजारो आकारांची सॉफ्ट प्लास्टिकं त्याच कल्पनेची पुढची पिढी आहेत.

हे 'रबर' रबर नसतंच!

आपण सवयीने रबरी म्हणतो, पण बहुतेक सॉफ्ट प्लास्टिकं पीव्हीसीची असतात. हो, तोच पीव्हीसी ज्याचे पाइप शेतात असतात. फरक एवढाच की आमिषाच्या पीव्हीसीत त्याला मऊ करणारं तेलासारखं रसायन भरपूर मिसळलेलं असतं. हे मिश्रण सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यात ओतलं की थंड झाल्यावर जेलीसारखं लवचीक आमिष तयार होतं. त्यात मीठ घातलं तर वजन वाढतं आणि चवही येते. शिवाय चमकी, रंग आणि माशाचा किंवा लसणाचा वास.

दुसरा प्रकार टीपीई नावाच्या लवचीक प्लास्टिकचा. हे रबरबँडसारखं ताणलं जातं, लवकर तुटत नाही आणि पाण्यात तरंगतं. तळाशी पडलेल्या जिगवर ते शेपूट वर करून उभं राहतं ते त्यामुळेच. एक काळजी मात्र घ्या: पीव्हीसी आणि टीपीईची आमिषं एकाच डबीत ठेवू नका. दोन्हींची आपसात प्रक्रिया होऊन सगळ्याचा चिकट लगदा होतो. म्हणून जे आमिष ज्या पाकिटात आलं त्याच पाकिटात ठेवायचं.

मासा फसतो कसा?

माशाला पाण्यातली हालचाल फक्त डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातली अगदी हलकी थरथरही तिला जाणवते. मऊ आमिष हळूहळू खाली जाताना त्याची शेपटी आपोआप हलते. ही थरथर खऱ्या किड्याच्या किंवा पिल्लाच्या हालचालीच्या जवळ जाते. जाड दोरी आणि जड शिसं ती मारून टाकतं, म्हणून दोरी बारीक आणि वजन कमी.

दुसरं कारण तोंडाचं. शिकारी मासे बहुतेक वेळा भक्ष्याला चावत नाहीत, तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट आत ओढतात. आत गेलेली वस्तू टणक लागली तर तितक्याच झटक्यात बाहेर टाकतात. मऊ आणि खारट वस्तू मात्र ते जरा जास्त वेळ तोंडात ठेवतात. फिनेस पद्धत याच जास्तीच्या क्षणावर उभी आहे. तेवढ्यात तुम्हाला दोरीतला बदल ओळखायचा असतो.

आता खरा प्रश्न: आपल्या धरणांत हे खाणारं कोण आहे?

व्हिडिओतला तो हिरवट मासा म्हणजे बास. तो उत्तर अमेरिकेतला आहे. जुन्नर-आंबेगावच्या धरणांत तो नाही. फिनेसच्या निम्म्या युक्त्या त्याच्या सवयींवर बेतलेल्या आहेत. मग आपल्याकडे काय?

कटला, रोहू, मृगळ: धरणात सोडल्या जाणाऱ्या माशांत यांचाच भरणा असतो. पण कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती खातो, मृगळ तळाचा गाळ उपसतो. यातलं कुणीही रबरी गांडुळाच्या मागे धावत नाही. कधी चुकून अंगाला गळ अडकतो, ती शिकार नव्हे. हे मासे कणीक, पेंड अशा चाऱ्यावरच लागतात. आजोबांचं गणित इथेच बरोबर होतं.

चिलापी: म्हणजे तिलापिया. हा मूळ आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला गेला आणि आता जवळजवळ प्रत्येक पाण्यात आहे. चिलापीचं तोंड लहान असतं. एक-दीड इंचाचं बारीक आमिष आणि दीड ग्रॅमचं वजन लावलं तर ती चांगली लागते. उथळ पाण्यात मातीत ताटाएवढे गोल खळगे दिसले की समजा, ती चिलापीच्या नरांची घरटी आहेत. तिथे आमिष गेलं की नर ते हाकलायला येतो.

मरळ: आपल्या गोड्या पाण्यातली खरी शिकारी. बेडूक, बारीक मासे, झिंगे, सगळं खाते. ती वर येऊन हवाही घेते, त्यामुळे पाणवनस्पती आणि झाडोऱ्यात सहज राहते. सॉफ्ट प्लास्टिकवर ती हमखास धावते, पण तिच्यासाठी फिनेसची नाजूक दोरी चालत नाही. पहिल्याच झटक्यात ती वनस्पतीत घुसते आणि दोरी तोडते. तिच्यासाठी तीन-चार इंचांचा मऊ बेडूक किंवा शेपटीचा मासा, मजबूत गळ आणि २०-३० पौंड ताकदीची वेणीची दोरी लागते.

शिंगाळा: मिशांचा, लांबट, तळाशी फिरणारा मासा. १८३९ साली ब्रिटिश अधिकारी विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, तेव्हा पुण्याजवळच्या नदीतल्या या माशाला त्यांनी इथलंच नाव दिलं. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'सीनघाला' आहे. संध्याकाळनंतर तळालगत सावकाश सरकणारं आमिष तो घेतो.

महसीर: याच साइक्स यांनी दख्खनच्या महसीरचंही वर्णन केलं. टाटा पॉवरने लोणावळ्याजवळ वळवणला अनेक दशकं या माशाची पैदास करून तो जपण्याचं काम केलं आहे. घोड किंवा कुकडीच्या वरच्या अंगाला कधी महसीर लागलाच, तर ओल्या हाताने गळ सोडवून त्याला पाण्यात परत जाऊ द्या.

चार जुळण्या, चार कामं

बाजारात नावं शंभर आहेत. सुरुवातीला चार पुरेत.

नेड रिग: चपट्या डोक्याचा दीड-तीन ग्रॅमचा जिग आणि अडीच इंचाची साधी काडीसारखी पट्टी. टाकायची, तळाला टेकू द्यायची, दहा सेकंद थांबायचं, रॉडचं टोक वीतभर उचलायचं, पुन्हा टेकू द्यायची. जिथे तळ मोकळा, मुरमाड किंवा खडकाळ असेल तिथे ही उत्तम.

ड्रॉप शॉट: वजन दोरीच्या अगदी टोकाला आणि गळ त्याच्या वर वीत-दीड वीत. वजन गाळात बसतं, पण आमिष गाळाच्या वर, माशाच्या डोळ्यासमोर राहतं. आपल्या धरणांत गाळ खूप, त्यामुळे ही जुळणी इथे कामाची आहे. रॉड जागच्या जागी हलकेच थरथरवायचा, ओढायचं नाही.

वॅकी रिग: गांडूळ टोकाला न टोचता मधोमध टोचायचं. खाली जाताना त्याची दोन्ही टोकं पंखांसारखी हलतात. पाणी स्थिर आणि सहा-आठ फूट खोल असेल तेव्हा वजन न लावता वापरायचं.

टेक्सास रिग: गळाचं टोक आमिषाच्या अंगातच लपवायचं. त्यामुळे ते वनस्पतीत, बाभळीच्या बुंध्यांत अडकत नाही. मासा चावला की मऊ प्लास्टिक दबतं आणि टोक बाहेर येतं. मरळीसाठी हीच जुळणी.

या चारही प्रकारांत बहुतेक मासे आमिष खाली जात असतानाच लागतात, ओढताना नाही. म्हणून आमिष पाण्यात पडल्यावर रॉडकडे बघण्यापेक्षा दोरीकडे बघा. खाली जाणारी दोरी मध्येच थांबली, बाजूला सरकली किंवा एकदम सैल पडली, तर मासा आहे. तेव्हा जोरात झटका देऊ नका. बारीक तारेचा गळ असतो, दोरी ताणून रॉड शांतपणे उचलला तरी तो बसतो.

सामान किती लागतं?

सुरुवातीला फार लागत नाही. सहा-साडेसहा फुटांचा 'लाइट' किंवा 'अल्ट्रालाइट' लिहिलेला रॉड, १००० ते २५०० क्रमांकाचं स्पिनिंग रील, ६-१० पौंड ताकदीची वेणीची बारीक दोरी आणि तिच्या पुढे हात-दोन हात पारदर्शक फ्लुरोकार्बनचा तुकडा. गावात मिळणाऱ्या जाड तंगुसावर तीन ग्रॅमचं आमिष फेकायचा प्रयत्न केला तर ते दहा फुटांपलीकडे जात नाही. फिनेस जमत नाही म्हणणाऱ्या अनेकांची अडचण इथेच असते.

रंगांच्या भानगडीत फार पडू नका. पाणी नितळ असेल तर तपकिरी, हिरवट, धुरकट असे मातीला जवळचे रंग. पाणी गढूळ असेल तर काळा किंवा गडद जांभळा, कारण गढूळ पाण्यात त्याची आकृती उठून दिसते. दोन रंग, दोन आकार आणि तीन वजनं एवढ्यावर अख्खा हंगाम निघतो.

आवर्तन सुटलं की मासाही सरकतो

परदेशी व्हिडिओ आणि आपली धरणं यातला सगळ्यात मोठा फरक म्हणजे पाण्याची पातळी. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा अशी पाच धरणं आहेत. ती शेतीसाठी बांधलेली आहेत. इथलं पाणी जुन्नर-आंबेगावबरोबर शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. डिंभ्याच्या डाव्या कालव्याचं पाणी येडगावात येतं आणि तिथून पुढे निघतं. म्हणजे आवर्तन सुटलं की एका धरणाचा काठ खाली सरकतो आणि दुसऱ्याचा वर चढू शकतो.

पाणी झपाट्याने उतरायला लागलं की मासे उथळ काठ सोडून जुन्या नदीपात्राच्या, उताराच्या कडेला जातात. मागच्या रविवारी जिथे चिलापी मिळाल्या ती जागा या रविवारी कोरडी असू शकते. पाणी काही दिवस स्थिर राहिलं की मासे पुन्हा काठाला येतात. म्हणून निघण्याआधी आवर्तन चालू आहे का, याची गावात कुणालाही विचारणा करा. शेतकऱ्याला ते तोंडपाठ असतं.

हंगामाचं ढोबळ गणित असं: पावसाळ्यात पाणी गढूळ, फिनेसला वाव कमी. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत धरणं भरलेली, पाणी निवळलेलं आणि सकाळी गार. मासे सुस्त असतात, सावकाश पद्धतीचा फायदा तेव्हाच सर्वाधिक. उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला काठावर, भर दुपारी खोल पाण्यात.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. पावसाळ्याच्या सुमारास पाण्यावर लालसर-केशरी बारीक पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसला, तर त्याखाली मरळ पहारा देत असते. त्या पुंजक्यात आमिष टाकलं की ती हमखास झडप घालते, कारण ती पिल्लं वाचवत असते. असा मासा काढणं सोपं आहे, पण पालक गेले की पिल्लांचा फडशा इतर मासे आणि पक्षी पाडतात. एका फोटोसाठी मरळीची एक अख्खी पिढी जाते. तो पुंजका सोडून पुढे चला.

हे पाणी कुणाचं?

धरण सरकारी, म्हणून मासे सगळ्यांचे, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने दिला जातो आणि तो बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरते, बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं विकत आणून पाण्यात सोडते आणि मग वर्षभर तिचे सभासद जाळी लावतात. तुमचा रविवारचा छंद त्यांच्या घरखर्चाच्या पाण्यात चालतो.

डिंभे धरणाची गोष्ट तर प्रत्येक गळवाल्याने माहीत करून घ्यावी अशी आहे. घोड नदीवरच्या या धरणात जुनं आंबेगाव गाव बुडालं, ज्याच्या नावाने तालुका आजही ओळखला जातो. आदिवासी कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे 'शाश्वत' या संस्थेच्या मदतीने महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबं संघटित झाली, त्यांनी जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पिकं घेतली. या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. ज्यांची शेतं तळाशी आहेत त्यांना त्या पाण्यातल्या माशांवर पहिला हक्क मिळाला, ही छोटी गोष्ट नाही.

म्हणून काठावर पोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी विचारा, शुल्क असेल तर भरून पावती घ्या. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर तिथे जाळं आहे. त्यावरून गळ फेकू नका. तुमचा दोन ग्रॅमचा जिग अडकला तर तुम्ही दोरी तोडून मोकळे होता, पण जाळं सोडवताना तो गळ कुणाच्या तरी बोटात जातो.

धरणाची भिंत, दरवाजे आणि कालव्याचं तोंड या जागांवर जायचं नाही. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही. आणि सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर संस्थेला कळवा.

तुटलेलं गांडूळ जातं कुठे?

सॉफ्ट प्लास्टिकची ही दुखरी बाजू आहे. एक आमिष फार टिकत नाही. चार-पाच माशांनंतर ते फाटतं, गळावरून निसटतं किंवा खडकात अडकून तुटतं. पीव्हीसी पाण्यात कुजत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या चार्ल्स्टन तलावावर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पाण्यात पडून राहिलेली अशी आमिषं फुगून आकाराने आणि वजनाने वाढतात. तिथल्या काही थोड्या माशांच्या पोटातही ती सापडली. प्रमाण कमी होतं, पण गिळलेलं आणि पोटात फुगणारं प्लास्टिक माशाला बाहेर टाकणं अवघड. अमेरिकेतल्या मेन राज्यात तर २०१३ साली अशा आमिषांवर बंदीचं विधेयकच मांडलं गेलं होतं. ते जसंच्या तसं मंजूर झालं नाही, पण विषयाचा अभ्यास झाला.

शिशाचंही तसंच. तळाशी पडलेले शिशाचे बारीक तुकडे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस मरू लागल्यावर ब्रिटनने १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. टंगस्टनची वजनं महाग असतात, पण आकाराने लहान आणि बिनविषारी. ते परवडत नसेल तर साधा लोखंडी नट दोरीला बांधला तरी ड्रॉप शॉटचं काम भागतं.

कुकडीच्या या पाण्यावर शेती आणि गावांच्या पाणीयोजना अवलंबून आहेत. तेव्हा हे नियम पाळाच: फाटलेलं आमिष खिशात, पाण्यात नाही. बारीक आमिष गळावरून घसरत असेल तर जिगच्या मानेला फेव्हिक्विकचा एक थेंब लावा, ते दुप्पट टिकतं. दोरीचे तुकडे काठावर सोडू नका, त्यात बगळ्यांचे आणि शेळ्यामेंढ्यांचे पाय अडकतात. टीपीईची आमिषं जास्त टिकतात, तीही चांगली निवड आहे.

आणखी एक. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर किंवा कुठलाही दुसरा मासा एका पाण्यातून जिवंत नेऊन दुसऱ्या तळ्यात सोडू नका. आपल्या नद्यांतले मूळचे मासे कमी होण्याची ही एक मोठी वाट आहे.

मासा मोठा की जीव मोठा?

मासे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त लागतात. जुन्नर-आंबेगावात बिबट्याही त्याच वेळी फिरतो. इथल्या उसात त्याला लपायला जागा मिळते, आणि उसाचे फड धरणाच्या काठापर्यंत आलेले असतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, एवढं सांगितलं तरी या भागाची परिस्थिती लक्षात यावी. अलीकडच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वाढले आहेत.

ओणवं किंवा उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, आणि गळ टाकणारा नेमका तसाच बसतो. म्हणून एकट्याने जाऊ नका. उसाकडे पाठ करून बसू नका, मोकळी, उघडी जागा निवडा. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, त्याने मासे पळत नाहीत. अंधार पडायच्या आत सामान आवरा. मुलांना पाण्याच्या काठी एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर त्याचा पाठलाग किंवा व्हिडिओ नको, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पाण्याचे धोके वेगळे. उतरलेल्या पाण्याच्या काठी वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो, पाय मांडीपर्यंत जातो. बुडालेल्या गावांच्या विहिरी आणि भिंती पाण्याखाली आहेत, त्यामुळे अडकलेलं आमिष सोडवायला पाण्यात उतरायचं नाही. दहा-वीस रुपयांचं आमिष तोडून टाकलेलं परवडतं. आणि रॉड जपून वापरा: कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी, केबल आणि डोक्यावर तारा असतात. आमिष फेकण्याआधी मागे-वर बघा, आणि ढग गडगडले की रॉड खाली ठेवून बाजूला व्हा.

मग सुरुवात कुठून करायची?

नवख्याने पहिल्या दिवशी मरळीचं स्वप्न बघू नये. हिवाळ्यातली सकाळ, संस्थेची परवानगी घेतलेला मोकळा मुरमाड काठ, दोन ग्रॅमचा जिग आणि दीड इंचाचं तपकिरी आमिष, एवढं घ्या. आधी ते पायाशीच, दिसेल अशा उथळ पाण्यात सोडून बघा. ते कसं खाली जातं, रॉड किती हलवल्यावर शेपटी कशी हलते, हे डोळ्यांनी पाहिलं की लांब टाकल्यावर काय होत असेल याचा अंदाज येतो. मग २० पावलांवर दहा वेळा टाका, प्रत्येक वेळी तळ लागेपर्यंत मनात आकडे मोजा. सहावर टेकलं म्हणजे किती खोल, चारवर थांबलं म्हणजे मध्येच काहीतरी आहे. ते काहीतरी बऱ्याचदा मासाच असतो.

पहिली चिलापी लागेल तेव्हा ती हाताएवढीच असेल. पण बारीक रॉडवर ती चांगली झुंज देते. आणि ज्या आजोबांनी कणकेवर सहा काढल्या, त्यांच्याशेजारी जाऊन बसा. कुठल्या महिन्यात कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी मासा येतो, हे कुठल्याच व्हिडिओत नसतं, त्यांना मात्र ठाऊक असतं. त्यांच्या नातवाला तुमचं रबरी गांडूळ दाखवा. बदल्यात तुम्हाला जे कळेल, ते पाकिटातल्या कुठल्याही आमिषापेक्षा जास्त मासे मिळवून देईल.